कुठंतरी वाचलं होतं

मराठी माणसाच्या वादात एक साक्षीदार कायम हजर असतो. त्याचं नाव, गाव, पत्ता कुणाला ठाऊक नसतो, तरी त्याच्या शब्दावर निकाल लागतो. 'कुठंतरी वाचलं होतं' हा तो साक्षीदार. चहाच्या टपरीवर, लोकलच्या दारात, घरगुती बैठकीत किंवा सभेच्या व्यासपीठावर तो उभा राहिला की समोरचा गप्प होतो, कारण वाचलेल्या गोष्टीला आपल्याकडे अजून मान आहे. मात्र हा साक्षीदार उलटतपासणीला कधीच सापडत नाही. पुस्तक कोणतं, कुणी लिहिलं, कोणत्या साली आणि कशाच्या आधारावर, हे विचारलं की तो सटकतो. ललितेतर पुस्तकं वाचणाऱ्याने आपल्या वाचनाची नोंद ठेवावी की नाही, हा प्रश्न एरवी हौसेचा किंवा टापटिपीचा समजला जातो. माझ्या मते तो आधी खरेखोटेपणाचा प्रश्न आहे. ते दाखवायला मुंबईच्या हार्बर मार्गावरचं मानखुर्द हे ठिकाण फार उपयोगी पडतं, कारण या भागाविषयी लिहिलं गेलं खूप आणि त्यातलं बरंचसं 'कुठंतरी वाचलं होतं' या अवस्थेतच लोकांच्या तोंडी फिरत राहिलं.

1992 साली गाडी खाडी ओलांडून वाशीला जाऊ लागली, तोवर मानखुर्द हे हार्बर मार्गाचं शेवटचं स्टेशन होतं. शहराने नको असलेल्या गोष्टी शेवटच्या स्टेशनाजवळ नेऊन ठेवाव्यात, तसं इथे झालं. देवनारचं डम्पिंग ग्राउंड जवळच आहे. रेल्वेरुळांच्या आणि रस्त्यांच्या कडेच्या झोपड्या उठवल्या तेव्हा त्यातल्या अनेक कुटुंबांना लल्लूभाई कम्पाउंडच्या इमारतींत आणलं गेलं. मंडाळा, महाराष्ट्र नगर, साठे नगर या वस्त्या तर आहेतच. महापालिकेच्या हिशेबात हा सगळा भाग एम-पूर्व वॉर्ड. 'मुंबई मानव विकास अहवाल 2009' प्रसिद्ध झाला तेव्हा शहरातल्या 24 वॉर्डांत एम-पूर्व तळाला होता आणि त्याचा मानव विकास निर्देशांक होता 0.05. हा आकडा तेव्हापासून लेखांत, भाषणांत, प्रकल्पांच्या प्रस्तावांत इतक्या वेळा आला आहे की मानखुर्द-गोवंडीचं नाव निघालं की तो आपोआप मागून येतो. असा आकडा बहुतेकांना पाठ असतो, पण ज्या अहवालातून तो आला तो किती जणांनी उघडला असेल?

अहवाल उघडण्याआधीच सावध वाचकाला एक शंका यायला हवी. संयुक्त राष्ट्रांच्या आजच्या यादीत अगदी तळाशी असलेल्या देशांचा निर्देशांकही 0.35 च्या वर आहे. मग एम-पूर्व वॉर्ड दक्षिण सुदान किंवा सोमालियापेक्षा कितीतरी पट खाली गेला, असं मानायचं का? इथे शाळा आहेत, नळ कमी दाबाने का होईना येतो, सरकारी रुग्णालय गाडीच्या अंतरावर आहे. तेव्हा असा निष्कर्ष टिकत नाही. वॉर्डांची आपापसात तुलना करायला बांधलेली मोजपट्टी वेगळी आणि देशांसाठीची वेगळी. पहिल्या पट्टीवर शून्याजवळ असणं म्हणजे 'या शहरात सर्वांत मागे', इतकाच त्याचा अर्थ. तो अर्थही भयंकर आहे, कारण एकाच महापालिकेला कर भरणाऱ्या दोन वस्त्यांमध्ये एवढी दरी तो दाखवतो. पण पट्टीचा संदर्भ गळला की आकडा दुसरंच काही सांगू लागतो आणि ऐकणारा म्हणतो, 'आफ्रिकेपेक्षा वाईट'. हे कुठल्याच अहवालात म्हटलेलं नसतं, तरी ते 'वाचलेलं' असतं.

दुसरा आकडा याहून बोलका आहे. एम-पूर्व वॉर्डाबद्दल 39 हा आकडा सतत छापला जातो. कधी तो 'मृत्यूच्या वेळचं सरासरी वय' म्हणून येतो, कधी 'सरासरी आयुर्मान' म्हणून. कुणी तो मानव विकास अहवालाच्या नावावर टाकतं, तर कुणी एखाद्या संस्थेच्या पाहणीच्या. या दोन गोष्टी मात्र एक नव्हेत. एखाद्या वस्तीत वर्षभरात जे लोक दगावले त्यांच्या वयांची सरासरी काढली की पहिला आकडा मिळतो. त्या वस्तीत लहान मुलं आणि तरुण जास्त, म्हातारे कमी असतील, तर हा आकडा साहजिकच खाली येतो. म्हातारपणी गावी जाऊन राहणाऱ्यांचे मृत्यू इथल्या नोंदीत येत नाहीत, त्यानेही तो खाली जातो. आयुर्मान काढताना प्रत्येक वयोगटातला मृत्युदर पाहतात आणि आज जन्मलेलं मूल त्या दरांनी किती वर्षं जगेल याचा अंदाज बांधतात. 39 वर्षांचं आयुर्मान म्हणजे साधारण 1950 च्या दशकातला भारत. मृत्यूचं सरासरी वय 39 म्हणजे बालमृत्यू, क्षयरोग आणि तरुण लोकसंख्या यांचं मिश्रण, ज्याची फोड करावी लागते. पहिल्या वाक्यावर हळहळ वाटते. दुसऱ्यावरून कोणत्या वयात कोण मरतंय हे विचारता येतं आणि वॉर्ड ऑफिसला जाब मागायचा तर दुसरंच कामाला येतं.

या घसरणीत कुणी लबाडी केली असेलच असं नाही. चांगल्या हेतूने वाचणाऱ्या, तळमळीने बोलणाऱ्या माणसांच्याच डोक्यात हे होतं. वाचलेल्यातला दावा राहतो आणि तो कुणी, केव्हा, कशावरून केला हे गळून पडतं. मग तो दावा ज्या दुसऱ्या गोष्टीसारखा दिसतो तिच्यात मिसळून जातो. कादंबरी विसरली तर फारसं बिघडत नाही. पात्रांची नावं गेली, घटनांचा क्रम गेला, तरी एखादा स्वर, एखादं वातावरण वाचकाच्या आत राहतं आणि ललित वाङ्मयाचं काम बऱ्याच अंशी त्यातच होतं. ललितेतर पुस्तकाची गोष्ट वेगळी आहे. ते आपल्याला काहीतरी खरं आहे असं सांगतं आणि ते का खरं मानायचं याची कारणं देतं. कारणं विसरून दावा तेवढा लक्षात राहिला, तर आपण ते पुस्तक अर्धवट विसरलो असं म्हणणं पुरेसं नाही. आपल्याकडे आता पुराव्याशिवायचा एक दावा आहे आणि तो आपण वाचनाच्या अधिकाराने दुसऱ्यांना देणार आहोत. म्हणजे वाचन करूनही शेवटी आपण अफवेच्याच बाजूला उभे राहतो.

मराठी इतिहासलेखनाला हा भेद शंभर वर्षांपूर्वीच कळला होता. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी 1898 साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला, तेव्हा त्याच्या प्रस्तावनेत बखरींवर किती विसंबायचं हा प्रश्न त्यांनी खडसावून विचारला. बखरकार खोटारडे होते असं त्यांना म्हणायचं नव्हतं. घडून गेलेल्या गोष्टी आठवणीने, ऐकीव माहितीने, मागाहून लिहिल्या की तारखा सरकतात, माणसं बदलतात आणि दोन लढायांची एक होते, हा त्यांचा मुद्दा. म्हणून ते अस्सल पत्रांच्या मागे गावोगाव हिंडले, दप्तरं धुंडाळली आणि मालेचे 22 खंड उभे राहिले. पुढे 1910 मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालं ते याच शिस्तीतून. वाचकाच्या डोक्यातही असंच चालतं. नोंद न ठेवता वर्षानुवर्षं वाचणाऱ्याच्या मनात आपल्या वाचनाची एक बखर तयार होते. ती रसाळ असते, आत्मविश्वासाने सांगता येते, पण तिच्यातली तिथी-मिती तपासायला अस्सल कागद नसतो. वाचननोंद म्हणजे त्या वाचनाचं दप्तर.

स्मृतीचा हा स्वभाव प्रयोगांनीही दाखवून दिला आहे. हर्मन एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने 1885 मध्ये स्वतःवर प्रयोग करून मांडलं, की पाठ केलेल्या गोष्टी विसरण्याचा वेग सुरुवातीच्या तासांत सर्वांत जास्त असतो. त्याने वापरले होते अर्थहीन अक्षरांचे तुकडे, तेव्हा ते पुस्तकांना जसंच्या तसं लागू करता येणार नाही. पण 2006 साली अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिक यांनी केलेला प्रयोग थेट वाचनाबद्दल आहे. विद्यार्थ्यांना माहितीपर उतारे दिले. काहींनी उतारा दोनदा वाचला. काहींनी एकदा वाचून तो बाजूला ठेवला आणि आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते, 81 टक्क्यांना 75. आठवड्याने चित्र उलटलं. पुन्हा वाचणाऱ्यांना 42 टक्के आठवलं आणि लिहून काढणाऱ्यांना 56 टक्के. यात आपल्या विषयासाठी दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे पुस्तक मिटून लिहिणं ही केवळ साठवण नाही, त्या लिहिण्यानेच स्मरण पक्कं होतं. दुसरी गोष्ट अधिक सावध करणारी आहे. वाचून झाल्याझाल्या 'समजलं' असं जे वाटतं ते फसवं असतं, कारण पाच मिनिटांच्या चाचणीत तेच वाचक पुढे असतात जे आठवड्याने मागे पडणार आहेत. तरीही लिहून काढणाऱ्यांकडूनही जवळजवळ अर्धं निसटलंच. तेव्हा लिहिलेला कागद जपूनही ठेवायला हवा.

यावर कुणी म्हणेल, की घरात पुस्तक आहे, कपाट आहे, लागेल तेव्हा काढून पाहू. हा युक्तिवाद ज्यांच्याकडे कपाट आहे त्यांचा आहे. मानखुर्दच्या पुनर्वसनाच्या इमारतींत कुटुंबाला 225 चौरस फुटांचं घर मिळालं. त्यात मोरी, स्वयंपाकाचा ओटा, अंथरुणं, पिण्याच्या पाण्याचं पिंप, मुलांची दप्तरं आणि अनेकदा घरबसल्या कामाचा माल असतो. पुस्तकांचं कपाट या हिशेबात बसत नाही. खाडीकडच्या वस्त्यांत पावसाळ्यात पाणी घरात शिरतं तेव्हा सर्वांत आधी भिजतो तो कागद. इथला वाचक पुस्तक बहुधा उसनं आणतो, मग ते वाचनालयाचं असो, मित्राचं असो, नाहीतर फोनवरची फाइल असो. ते परत जातं किंवा जागा करण्यासाठी पुसलं जातं. पुस्तक गेल्यावर हातात काय उरतं, हा प्रश्न त्याच्यासाठी काल्पनिक नाही. दोनशे पानांची एक वही मात्र कुठेही मावते. पुस्तकसंग्रह ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी टिपणवही हाच संग्रह असतो, म्हणून नोंदीची गरज मोठी घरं असलेल्यांपेक्षा मानखुर्दच्या वाचकाला जास्त आहे.

मुंबईच्या कामगार वस्तीतल्या वाचनाचा सर्वांत मोठा दाखला याच चणचणीतून सुरू होतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर शाळकरी वयात परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहत. माणसं, भांडी, लाकडं यांनी भरलेल्या त्या खोलीत अभ्यासाला जागा मिळावी म्हणून रामजी सकपाळ मुलाला लवकर झोपवत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत, मग मुलाला उठवून त्याच्या जागी आडवे होत. नंतरची बरीच वर्षं परळच्याच बीआयटी चाळीत गेली आणि 1930 च्या दशकात दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' उभं राहिलं ते पुस्तकांना जागा हवी म्हणून. हा प्रवास सांगताना आपण ग्रंथसंख्येवर थांबतो. किती हजार पुस्तकं होती, हे कौतुकाने बोलतो. खरी शिकवण त्या पुस्तकांतून काय बाहेर आलं यात आहे. 1923 चा रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध, 1940 चा पाकिस्तानवरचा ग्रंथ, 1946 चा शूद्रांवरचा ग्रंथ, ही सगळी पुस्तकं प्रतिपक्षाला त्याच्याच कागदपत्रांनी उत्तर देतात. आकडा आहे तर कोष्टक आहे, विधान आहे तर कुणी कुठे केलं ते आहे. असा वाद घालायला वाचलेलं कुठे वाचलं हे हाताशी असावं लागतं. ज्याच्या बोलण्यावर समाज सहजी विश्वास ठेवत नाही त्याला संदर्भ जास्त जपावे लागतात, कारण त्याची चूक माफ होत नाही. डम्पिंगच्या धुराविरुद्ध किंवा पाण्याच्या जोडणीसाठी अर्ज घेऊन जाणाऱ्या मानखुर्दच्या माणसाची स्थिती आज फार वेगळी नाही.

आता नोंद म्हणजे नेमकं काय, हे सांगायला हवं, कारण इथेच बहुतेकांची गाडी चुकीच्या रुळावर जाते. आजकाल वाचननोंद म्हटलं की यादी आणि आकडा डोळ्यासमोर येतो. या वर्षी बावन्न पुस्तकं, मागच्या वर्षी चाळीस. पुस्तकं नोंदवण्याची अ‍ॅप ही मोजणी रंगीत आलेखांत करून देतात, वर्षारंभी संकल्प मागतात आणि मागे पडलात की आठवण करतात. ही नोंद वाचनाची नाही, वाचकाच्या उरकण्याची आहे. उपयोगी नोंदीला पुस्तकामागे पान-दीड पान पुरतं. आधी पुस्तकाचं नाव, लेखक, साल, आवृत्ती आणि ते कुठून आणलं. अनुवाद असेल तर मूळ भाषा आणि अनुवादक. मग हे पुस्तक कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतं, ते एका वाक्यात. त्यानंतर लेखकाचा मुख्य दावा, पुस्तक मिटून, आपल्या शब्दांत. मग त्याचे दोन-तीन आधार, पानांच्या आकड्यांसह. शेवटी आपल्याला काय पटलं नाही आणि कोणत्या दुसऱ्या पुस्तकाशी हे जुळत नाही. या शेवटच्या ओळीत वही जिवंत होते. मृत्यूचं सरासरी वय आणि आयुर्मान यांतला घोळ एकच अहवाल वाचून लक्षात येत नाही. दोन नोंदी शेजारी आल्या की तो दिसतो.

या कामाचे नमुने आपल्या जवळच आहेत. गांधीजी 1922 ते 1924 येरवड्याच्या तुरुंगात होते. त्यांच्या 1923 च्या रोजनिशीत कोणतं पुस्तक केव्हा संपवलं याच्या त्रोटक नोंदी आहेत आणि सुटकेनंतर 'यंग इंडिया'त तुरुंगातल्या वाचनावर लिहिताना त्यांना त्यांचा आधार झाला. चार्ल्स डार्विनने 1838 पासून 1860 पर्यंत वाचायची पुस्तकं आणि वाचलेली पुस्तकं यांच्या वह्या ठेवल्या, म्हणजे ज्या काळात त्याचा सिद्धान्त शिजत होता नेमक्या त्याच काळात. मराठीत तर अशा नोंदींतूनच एक महत्त्वाचं पुस्तक तयार झालं. कवी सतीश काळसेकर यांनी 'आपले वाङ्मय वृत्त' या मासिकात सदर लिहिलं, त्याचं 'वाचणाऱ्याची रोजनिशी' हे पुस्तक 2010 मध्ये आलं आणि 2013 साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्या पुरस्काराचं महत्त्व काळसेकरांच्या गौरवापलीकडचं आहे. समीक्षक नसलेल्या, व्यासंगाचा दबदबा न मिरवणाऱ्या एका वाचकाने तारीखवार आपलं वाचन मांडावं आणि ते वाङ्मय म्हणून गणलं जावं, याची ती पावती होती. लेखकांच्या रोजनिश्या आपण आधीही वाचल्या होत्या, इथे मथळ्यातच वाचणारा आला.

या म्हणण्यावर गंभीर आक्षेप आहेत आणि ते टाळून चालणार नाही. पहिला आक्षेप आनंदाचा. हिशेब लागला की मजा जाते, असं अनेक चांगले वाचक म्हणतात, आणि त्यांच्या बाजूने पुरावाही आहे. ड्यूक विद्यापीठाच्या जॉर्डन एट्किन यांनी 2016 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, चालणं, रंगवणं, वाचणं अशा स्वतःहून आवडीने केल्या जाणाऱ्या गोष्टी मोजायला लावल्या. मोजणाऱ्यांनी त्या जास्त केल्या, पण त्यांना त्या कमी आवडल्या. हे मी पूर्ण मान्य करतो. पण त्या प्रयोगात मोजलं काय, तर किती झालं ते. माझ्या वहीत पानांची आणि पुस्तकांची बेरीज कुठेच नाही. ज्याला वर्षाला चारच पुस्तकं जमतात त्याच्या चार नोंदी चाळीस पुस्तकं उरकणाऱ्याच्या यादीपेक्षा मोलाच्या ठरू शकतात. उरतो एक सौम्य आक्षेप, की वही समोर असल्याच्या जाणिवेने वाचताना मन मोकळं राहत नाही. त्यावर उपाय सोपा आहे. वाचताना लिहू नये, मिटल्यावर लिहावं. सेंट लुईसच्या प्रयोगाप्रमाणे स्मरणालाही तेच बरं. आणि प्रत्येक पुस्तकाची नोंद व्हावी असा नियम नको. ज्या पुस्तकाच्या आधारावर आपण कधीतरी बोलणार आहोत त्याची व्हावी.

दुसरा आक्षेप स्मरणशक्तीचा. जुने व्यासंगी काही वह्या घेऊन हिंडत नव्हते, खरं ज्ञान मुखोद्गत असतं, असं म्हटलं जातं आणि दाखला दिला जातो लोकमान्य टिळकांचा. मंडालेच्या तुरुंगात 1910-11 च्या हिवाळ्यात त्यांनी 'गीतारहस्य' पेन्सिलीने वह्यांत लिहून काढलं. 1914 मध्ये सुटल्यावर त्या वह्या सरकारकडून परत मिळायला वेळ लागला, तेव्हा वह्या सरकारकडे असल्या तरी ग्रंथ डोक्यात आहे, असं ते म्हणाल्याचं सांगतात. पण ही गोष्ट नेमकी उलट्या बाजूची साक्ष देते. ग्रंथ डोक्यात होता, कारण तो आधी वह्यांत उतरला होता. आणि छापलेल्या 'गीतारहस्या'त पानोपानी जे संदर्भ आहेत, अमुक उपनिषद, अमुक भाष्य, अमुक पाश्चात्त्य तत्त्वज्ञ, ते शेवटी कागदावरूनच आले. पाठांतराची परंपरा आपल्याकडे थोर आहे, पण तिचीही शिस्त कडक होती. कोणता मंत्र कोणत्या शाखेचा आणि कुठल्या पाठाचा हे तिथे सांगावं लागे. 'कुठंतरी ऐकलं होतं' त्या परंपरेतही चाललं नसतं.

तिसरा आक्षेप आजचा आहे. फोन खिशात असताना वही कशाला? विचारलं की उत्तर येतं. हा आक्षेप इंग्रजीत वाचणाऱ्यासाठी काही अंशी खरा आहे, मराठी वाचकासाठी फारसा नाही. गेल्या शंभर वर्षांतली मराठी ललितेतर पुस्तकं बहुतांशी शब्दाने शोधता येतील अशा रूपात उपलब्धच नाहीत. जी आहेत ती पानांची छायाचित्रं आहेत. त्यात भर म्हणजे कितीतरी मराठी पुस्तकांना शेवटी सूची नसते. सहाशे पानांच्या चरित्रात एखादी घटना कुठे आली हे शोधायचं तर पुन्हा सहाशे पानं चाळायची. प्रकाशकांनी न केलेलं हे काम वाचकाच्या वहीवर येऊन पडतं, आणि ते दुसरं कुणी करणार नाही. याहून मूलभूत गोष्ट अशी, की फोन दुसऱ्यांनी काय म्हटलं ते सांगतो. आपण ते पुस्तक वाचताना कुठे अडलो, काय पटलं नाही, हे त्याला ठाऊक नसतं. शिवाय 39 आणि 0.05 हे आकडे संदर्भ गाळून वर्षानुवर्षं जिथे फिरले त्या जागांत फोनही आलाच. ज्या विहिरीत घोळ झाला तिचंच पाणी पुन्हा शेंदून तो निवळत नाही.

चौथा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. मानखुर्दमध्ये पहाटे पाण्यासाठी उठणाऱ्या, दोन-दोन तास प्रवास करणाऱ्या माणसाला वाचननोंदीचा उपदेश करणं म्हणजे पोटभरल्याचा शहाणपणा नाही का? वाचायलाच फुरसत नसेल तर नोंद कसली? मात्र या आक्षेपात एक गृहीतक लपलेलं आहे, की या वस्त्यांत ललितेतर वाचन होतच नाही. ते खरं नाही. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं-मुली राज्यघटना, भूगोल, अर्थव्यवस्था, इतिहास यांवरची जाडजूड पुस्तकं वर्षानुवर्षं वाचत असतात आणि नोट्सही काढतात. नोंद ठेवण्याची मेहनत इथे आधीच चालू आहे. तिच्यात कमी आहे ती एकच गोष्ट, संदर्भाची. परीक्षेच्या नोट्समध्ये उत्तर असतं, पण ते कुणाचं आणि त्यावर वाद काय हे नसतं, कारण परीक्षेला ते लागत नाही. परीक्षा झाली, पास झाली वा नापास, की त्या वह्या रद्दीत जातात. त्याच वहीत समासात पुस्तकाचं नाव आणि पान लिहिण्याची सवय लागली, तर परीक्षेनंतरही ती वही त्या माणसाची राहील. फुरसत कमी असलेल्या माणसाला तेच पुस्तक पुन्हा शोधायला आणि पुन्हा वाचायला परवडत नाही. नोंद हा त्याच्यासाठी वेळ वाचवण्याचाच मार्ग आहे.

व्यक्तीच्या वहीवर सगळं सोडून देणंही बरोबर नाही. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 साली झाला, राज्यात हजारो ग्रंथालयं मान्यताप्राप्त आहेत, आणि अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणे त्यांना अनुदान मिळतं. वर्ग ठरतो तो पुस्तकं किती, सभासद किती, नियतकालिकं किती यांवरून. ग्रंथालयात पुस्तकाची नोंद चोख असते. दाखल क्रमांक असतो, खरेदीची तारीख असते, देवघेवीचा हिशेब असतो. शंकर गणेश दाते यांनी तर 1800 ते 1937 आणि पुढे 1938 ते 1950 या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची करून मराठीत काय छापलं गेलं याचा हिशेब एकहाती मांडला. आपली परंपरा छापलेल्याची आणि विकत घेतलेल्याची नोंद करते. वाचलेल्याची नोंद मात्र कुणाचीच जबाबदारी नसते. पुस्तकाच्या मागच्या पानावर तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते, तिच्यावरून कळतं की हे पुस्तक तेवीस वेळा घरोघर जाऊन आलं. त्या तेवीस वाचकांना त्यात काय सापडलं, कोणती चूक दिसली, हे पुढच्या वाचकाला कधीच कळत नाही. तारखांच्या चिठ्ठीशेजारी एक पाकीट चिकटवून त्यात वाचकाने हवं असल्यास आपलं अर्ध्या पानाचं टिपण ठेवावं, नाव लिहिण्याची सक्ती नको, एवढी सोय करायला शासनाचा निर्णय लागत नाही. छोट्या वस्तीतलं वाचनालय ती उद्या करू शकेल.

मानखुर्दच्या संदर्भात या सोयीला आणखी एक अर्थ आहे. टाटा समाज विज्ञान संस्था 1954 पासून शेजारच्या देवनारला आहे आणि तिचं सर दोराबजी टाटा स्मृती ग्रंथालय समाजशास्त्रांसाठी देशात नावाजलेलं आहे. 2011 मध्ये संस्थेने एम वॉर्डाच्या परिवर्तनासाठी प्रकल्प हाती घेतला आणि वस्त्यावस्त्यांतून माहिती गोळा झाली. पाणी, शौचालयं, शाळागळती, पुनर्वसन, कचरा या सगळ्यांवर अहवाल, प्रबंध, लेख तयार झाले. हे सारं ललितेतर वाङ्मयच आहे आणि त्याचा विषय मानखुर्दचे रहिवासी आहेत. प्रश्नावलीला उत्तरं त्यांनी दिली. पण त्या पानांचं वाचन बहुतेक दुसरीकडे होतं, आणि रहिवाशांपर्यंत परत येतो तो एखादा सुटा आकडा, पट्टी आणि पान गळालेला. स्वतःविषयी लिहिलेलंही ज्यांना 'कुठंतरी वाचलं होतं' या रूपात ऐकावं लागतं, त्यांनी ते मूळ कागदाला लावून तपासणं हे वाचनाचं सर्वांत निकडीचं काम आहे.

अशी वही कशी दिसेल, हे सांगणं अवघड नाही. डावीकडे अहवालाचं नाव, साल, पान. मग दावा, की एम-पूर्वेत मृत्यूच्या वेळचं सरासरी वय इतकं. मग आधार, की कोणत्या वर्षीच्या नोंदणीवरून. त्याखाली शंका: गावी जाऊन वारलेल्यांचं काय? बालमृत्यू वगळले तर आकडा किती? आणि सर्वांत खाली, अमुक वर्तमानपत्राने याला आयुर्मान म्हटलं, ते चूक. एवढ्या पाच ओळी घेऊन वॉर्ड ऑफिसच्या खिडकीशी उभ्या राहिलेल्या माणसाला 'हे तुम्हाला कुणी सांगितलं?' असं विचारता येतं, पण गप्प करता येत नाही. तो पान उघडून दाखवतो.